मोडेमवरचा लाल दिवा काय सांगतो?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? मग सुरू करू.

लोणावळ्यात पावसाळा लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. भुशी धरणावर गर्दी आणि घरातलं नेट बंद! गेल्या पावसाळ्यात भांगरवाडीत आमच्याकडे सहा दिवस नेट नव्हतं. फोन केला की एकच उत्तर, "मोडेम बंद करून चालू करा." माणूस आला, मोडेम बदलला, पैसे घेऊन गेला. नवा मोडेमही तसाच! मुलीची ऑनलाइन परीक्षा शेजाऱ्यांकडे बसून झाली. शेवटी कळलं, खांबावरच्या डब्यात पाणी शिरून केबलचा जोड खराब झाला होता. म्हणून सांगतो, दोष कुठे आहे हे आधी ओळखायला शिका, नाहीतर भुर्दंड आपल्याच माथी.

फायबरच्या केबलमध्ये केसाएवढी काचेची तार असते. तिच्यातून प्रकाश येतो आणि घरातला डबा त्याचे विजेचे संकेत करतो. या डब्याला आपण मोडेम म्हणतो, कंपनीवाले ओएनटी म्हणतात. त्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे डब्यापर्यंत प्रकाश पोचत नाही. अशा वेळी बहुतेकदा बाहेरची लाइन तुटलेली असते, जोड सैल असतो किंवा कपाटामागे केबल करकचून वाकलेली असते. नुसता मोडेम बदलून काय होणार? मात्र केबलचं टोक काढून त्यात डोळा घालून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो.

एकही दिवा लागत नसेल, किंवा डबा सारखा बंद-चालू होत असेल, तर आधी अॅडॉप्टर तपासा. काचेतून वीज वाहत नाही, पण अॅडॉप्टर घरच्या विजेवर असतो. विजा कडाडायला लागल्या की तो प्लगमधून काढून ठेवा. आणि 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा आहे, तरी नेट नाही? मग लॅपटॉप वायरने जोडून बघा. वायरवर चाललं तर भानगड वायफायची. वायरवरही नाही चाललं, तर कंपनीला विचारा.

आता तक्रार. दिव्यांचा फोटो काढा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. डबा कंपनीचा आहे की आपला, हे पैसे देण्याआधी विचारा. जुना डबा परत देताना सिरियल नंबर टाकलेली पावती घ्या. काम झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. 'ट्राय'च्या 2012 च्या नियमांप्रमाणे अपिलाचा निकाल 39 दिवसांत लागायला हवा. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. पण ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवा आहे, आणि टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक मंचाकडे नेता येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलंय. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915.

आज घरी गेलात की मोडेम चालू असतानाच त्याचा एक फोटो काढून ठेवा. बिघडल्यावर तुलना करायला तोच उपयोगी पडेल. आता प्रश्न विचारा.