वाय-फाय जोडले, तरी पान उघडेना!

जुन्या संगणकावर बिनतारी इंटरनेट सुरू करताना नेमके अडते कोठे?

- प्रतिनिधी

भोर - दहा-पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला संगणक आज अनेक घरांत कापडाखाली झाकून ठेवलेला आढळतो. मुलांच्या प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची मुदत तोंडावर येते, मोबाइलच्या इवल्याशा पडद्यावर तो अर्ज पुढे सरकत नाही आणि मग संगणकावरचे कापड निघते. यंत्र सुरू होते, मोबाइलचा हॉटस्पॉट सापडतो, खालच्या कोपऱ्यात 'कनेक्टेड' असा शब्दही उमटतो. पान मात्र उघडत नाही. भोर आणि वेल्हे तालुक्यांतील (वेल्ह्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला) डोंगराकडेच्या गावांतून अशा वेळी एसटी पकडून भोर किंवा नसरापूरला जाणे म्हणजे एका दिवसाच्या मजुरीवर पाणी. परत आल्यावर संगणक बहुधा भंगारात निघतो. वास्तविक त्यात बिघाड म्हणावा असे बऱ्याचदा काहीच नसते.

इंटरनेट घरातील संगणकापर्यंत पोचण्याच्या वाटेवर तीन टप्पे आहेत. मोबाइलच्या मनोऱ्यापासून घरापर्यंत हा पहिला, घरातील राऊटर किंवा मोबाइलपासून संगणकापर्यंत हा दुसरा आणि संगणकाच्या पोटातला तिसरा. यांपैकी कोणताही टप्पा तुटला तरी पडद्यावर दिसणारे लक्षण एकच असते. त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातील दोषासाठी पहिल्या टप्प्यावर खर्च होतो. सिम बदलले जाते, नवा राऊटर येतो, आणि अडचण होती तेथेच राहते.

डोंगराची सावली

पहिल्या टप्प्यापुढे या दोन तालुक्यांत कोणाचेच फारसे चालत नाही. मोबाइलच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात आणि डोंगर त्यांना अडवतो. तोरणा १४०३ मीटर, राजगड १३७६ मीटर. त्यांच्या पायथ्याची वेल्ह्याकडील गावे काय किंवा नीरा व वेळवंडीच्या खोऱ्यांतील भोरची गावे काय, मनोरा आणि घर यांच्यामध्ये एखादा डोंगर उभा असला, की 'रेंज' घराच्या एकाच बाजूला, एकाच खिडकीत मिळते. ती खिडकी घरातील सर्वांना ठाऊक असते. मात्र हॉटस्पॉट सुरू केलेला मोबाइल संगणकाशेजारी टेबलावर ठेवला जातो आणि तेथेच फसगत होते. संगणकावर दिसणाऱ्या पाच रेघा या मोबाइल व संगणक यांच्यातील अंतराच्या असतात, मनोऱ्याच्या नव्हेत. मोबाइल खिडकीत ठेवून संगणकावरील दोन-तीन रेघांवर समाधान मानावे. काम त्यावरच अधिक चांगले चालते.

पावसाळ्यात रेंज जाते याचे खापर पावसावर फोडले जाते. घरगुती वाय-फायच्या लहरींना पावसाच्या थेंबांचा उपद्रव नगण्य असतो. बहुतेक वेळा खरे कारण वीज असते. ती दीर्घकाळ गेली आणि मनोऱ्यावरील बॅटरीही उतरली, की सारी खोरी एकदम मुकी होतात. घरचा राऊटर वीज जाताच बंद पडत असेल, तर त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो.

संगणकाला कान आहेत का?

दुसऱ्या टप्प्याची सुरुवात या साध्या प्रश्नापासून करावी. टेबलावरील बहुतेक जुन्या संगणकांत वाय-फायची सोयच नसते. त्यासाठी पेनड्राइव्हएवढा यूएसबी अॅडॉप्टर घ्यावा लागतो. तो घेताना खोक्यावर आपल्या विंडोजच्या आवृत्तीचे नाव आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि तो संगणकाच्या मागील बाजूस खोचून ठेवू नये. मागे भिंत, पुढे पत्र्याची पेटी, मग लहरी येणार कोठून? यूएसबीची हातभर वायर घेऊन अॅडॉप्टर टेबलावर मोकळा ठेवला, तर फरक तात्काळ जाणवतो. भोरमधील जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आणि घरांवरील पत्रे हेही लहरींचे वैरीच.

लॅपटॉपमध्ये वाय-फाय असते, पण जुन्या लॅपटॉपच्या कडेला ते बंद-चालू करणारी बारीकशी कळ असे. काहींत ते काम 'एफएन' आणि वरच्या रांगेतील एखादी कळ मिळून करतात. यंत्र पुसताना ही कळ सरकली, की कितीही शोधले तरी एकही नेटवर्क दिसत नाही. दुरुस्तीवाल्याकडे जाण्यापूर्वी ही कळ पाहावी.

संगणक नव्याने 'फॉरमॅट' केलेला असेल तर ड्रायव्हर नसल्यामुळे वाय-फाय मुकेच राहते. येथे मोठा गमतीचा पेच उद्भवतो. इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर मिळवण्यासाठी इंटरनेट! 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये पिवळ्या खुणेसह दिसणाऱ्या भागाचा क्रमांक टिपून घ्यावा, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून मोबाइलवर ड्रायव्हर उतरवावा आणि वायरने संगणकात न्यावा. 'सर्व ड्रायव्हर मोफत' असे आमिष दाखवणाऱ्या भलत्याच ठिकाणी जाऊ नये. तेथून ड्रायव्हरऐवजी व्हायरस घरी येण्याचा संभव अधिक.

शेजारच्या मोबाइलला दिसते, आपल्याला नाही

हा अनुभव अनेकांना येतो आणि त्यावरून संगणक निकामी ठरवला जातो. कारण वेगळेच असते. वाय-फाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. बहुतेक जुन्या संगणकांना केवळ २.४ चा पट्टा ऐकू येतो. नवा मोबाइल हॉटस्पॉट ५ वर सुरू करीत असेल, तर जुन्या लॅपटॉपच्या लेखी तो अस्तित्वातच नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये 'बँड' या ठिकाणी २.४ निवडावे. आयफोनवर 'मॅक्झिमाइझ कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय सुरू करावा. राऊटरवर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असल्यास २.४ ला निराळे नाव देऊन पाहावे. २.४ चा वेग कमी, पण भिंतींतून जाण्याची ताकद जास्त. आपल्याकडील जाड भिंतींच्या घरांना तोच बरा.

तेथेही एक बारकावा आहे. भारतात २.४ च्या पट्ट्यात १ ते १३ क्रमांकांच्या वाहिन्या वापरता येतात, परंतु अमेरिकेच्या नियमांनुसार बनलेल्या काही जुन्या कार्डांना १२ व १३ दिसत नाहीत. राऊटरने नेमकी तीच वाहिनी पकडली, की नेटवर्क आज दिसते आणि उद्या गायब होते. राऊटरला १, ६ किंवा ११ यांपैकी एका वाहिनीवर कायम करावे.

नाव दिसते, पासवर्डही बरोबर आहे, तरी जोडणी होत नाही, अशा वेळी शंका सुरक्षेच्या प्रकारावर घ्यावी. वाय-फायवरील संदेश कुलूपबंद करण्याच्या पद्धती बदलत गेल्या आहेत. आधी वेप, २००३ मध्ये डब्ल्यूपीए, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. नवा राऊटर किंवा मोबाइल फक्त डब्ल्यूपीए-३ वर ठेवलेला असेल, तर जुन्या संगणकाला ते कुलूप उघडता येत नाही. तेथे डब्ल्यूपीए-२ निवडावे. विंडोज एक्सपी असेल तर त्यात सर्व्हिस पॅक ३ असल्याची खात्री करावी, कारण डब्ल्यूपीए-२ त्यात अंतर्भूत आहे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. एकट्या जुन्या संगणकासाठी राऊटर वेपवर आणण्याचा किंवा पासवर्डच काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नये. वेपचे कुलूप केव्हाच फुटलेले आहे आणि ते लावणे म्हणजे घरातील सर्व मोबाइलचे दार उघडे टाकणे होय. डब्ल्यूपीए-२ न समजणाऱ्या कार्डाला निवृत्त करून नवा यूएसबी अॅडॉप्टर घेणे स्वस्त पडते.

'कनेक्टेड' आहे, पुढे काय?

आता खरी मेख. जोडणी झाली, पान उघडत नाही. येथे अंदाजाने बटणे दाबत बसण्यापेक्षा संगणकालाच विचारावे. 'स्टार्ट', मग 'रन' येथे सीएमडी ही तीन इंग्रजी अक्षरे टाईप केली, की काळी खिडकी उघडते. तीत 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजीत टाईप करावा. आलेला आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने संगणकाला पत्ताच दिलेला नाही असे समजावे. राऊटर बंद करून मिनिटभराने सुरू करावा, पासवर्ड पुन्हा घालावा. पत्ता १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होत असेल, तर बहुधा दुसरा टप्पा ठीक आहे.

मग 'पिंग' ही आज्ञा द्यावी. आधी 'डिफॉल्ट गेटवे'पुढे दिसणारा क्रमांक, नंतर ८.८.८.८ हा गुगलचा क्रमांक, शेवटी एखाद्या संकेतस्थळाचे नाव. गेटवेकडून उत्तर येते पण ८.८.८.८ कडून नाही, तर दोष घराबाहेर आहे, संगणकाला बोल लावू नये. क्रमांकाकडून उत्तर येते पण नावाचा पत्ता लागत नाही, तर नावाचे क्रमांकात रूपांतर करणारी डीएनएस ही सोय अडली आहे. पूर्वीच्या ब्रॉडबँडसाठी कोणीतरी हाताने भरून ठेवलेले आकडे तेथे तसेच राहिलेले असतात. ते काढून 'ऑटोमॅटिकली' हा पर्याय निवडावा. कार्यालयातून किंवा सायबर कॅफेतून जुना घेतलेला संगणक असेल, तर 'इंटरनेट ऑप्शन्स'मधील 'कनेक्शन्स', 'लॅन सेटिंग्ज' येथे प्रॉक्सीची खूण तपासावी. त्या कॅफेला कुलूप लागले तरी संगणक मात्र अजूनही त्याच्या सर्व्हरला शोधत बसलेला असतो!

सगळीकडून उत्तर येते, तरीही प्रत्येक पानावर 'आपले कनेक्शन सुरक्षित नाही' अशी सूचना झळकते. प्रस्तुत प्रतिनिधीने या एका सूचनेपायी जुन्या लॅपटॉपसमोर अख्खी संध्याकाळ घालवली. वाय-फायचा पासवर्ड तीनदा बदलला, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, शेवटी कंटाळून घड्याळात किती वाजले म्हणून पडद्याच्या कोपऱ्याकडे नजर गेली, तर तेथे जानेवारी २००५ सुरू होता!

कारण असे, की संगणक बंद असताना तारीख-वेळ सांभाळण्याचे काम आतील नाण्याच्या आकाराची एक बॅटरी करते. ती संपली, की वीज जाताच घड्याळ मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी जे प्रमाणपत्र दाखवते, त्यावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. संगणकाच्या लेखी आज २००५ असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नाही. तारीख दुरुस्त करावी आणि बॅटरी बदलावी. बहुतेक टेबलावरील संगणकांत सीआर २०३२ हीच तीन व्होल्टची बॅटरी असते. वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या भागात हा दोष अधिक वेळा उघडा पडतो.

तारीख बरोबर असूनही सूचना जात नसेल, तर संगणकाकडील विश्वासू प्रमाणपत्रांची यादी जुनी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच एक मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झाले आणि अद्ययावत न केलेल्या यंत्रांवर अनेक संकेतस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली. फायरफॉक्स हा ब्राउझर आपली स्वतंत्र यादी बाळगतो. त्यामुळे एकात न उघडणारे पान कधी कधी त्यात उघडते.

उघडले म्हणून वापरावे का?

एक्सपीला मिळणारे पाठबळ मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. एक्सपी आणि विंडोज ७ मध्ये सापडलेल्या भगदाडांना ठिगळ लावणारे आता कोणी नाही. एक्सपीवर इंटरनेट जोडून दाखवता येते, यात शंका नाही. परंतु त्यावर बँकेचा पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी टाकणे हा शुद्ध धोका आहे. पिकाचे पैसे ज्या खात्यात जमा होतात, त्या खात्याशी असा खेळ करू नये. जुने दस्त वाचणे, टंकलेखन, मुलांचा सराव यांसाठी ते यंत्र इंटरनेटविना ठेवावे.

ज्यांना ते इंटरनेटवर हवेच आहे, त्यांनी लिनक्सचा विचार करावा. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, आतील काहीही न पुसता, वाय-फाय चालते का हे आधी पाहता येते. मशिन ६४ बिटचे आहे की ३२ बिटचे, हे मात्र तपासावे. अनेक लिनक्स आवृत्त्यांनी ३२ बिटची साथ सोडली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही ३२ बिटच्या संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. दोन जीबीपेक्षा कमी मेमरी असल्यास आजची संकेतस्थळे कोणत्याही प्रणालीत रडतखडतच उघडतील.

कपाटात सापडलेल्या सीडीएमए डोंगलवर कोणी आशा ठेवू नये. त्या सेवाच देशात बंद झाल्या आहेत. त्याऐवजी अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडून 'यूएसबी टेदरिंग' सुरू करावे. वायर पैसे वाचवायला घेतलेली, नुसती चार्जिंगपुरती नसावी, तीतून डेटाही जायला हवा. विंडोज ७ व त्यापुढील आवृत्त्यांत मोबाइल बहुधा आपोआप ओळखला जातो. वाय-फाय कार्ड, पट्टा, वाहिनी, कुलूप यांपैकी कशाचीही गरज पडत नाही आणि मोबाइल चार्जही होत राहतो. अर्जाची मुदत आज रात्री बारा वाजता संपत असेल, तर वाय-फायची दुरुस्ती उद्यावर टाकून आधी हेच करावे. तारीख तेवढी तपासून घ्यावी.