दक्षिणेच्या जत्रा, भाग 6 : माळेगावचा खंडोबा आणि त्याचा बाजार

मागच्या भागात तेलंगणातला कोमुरवेल्लीचा मल्लन्ना पाहिला. तोच देव कर्नाटकात मैलार आणि आपल्याकडे खंडोबा. म्हणूनच दक्षिणेच्या जत्रांमधून नांदेड जिल्ह्यातला लोहा तालुका वगळता येत नाही. नांदेडहून लातूरकडे निघालं, लोहा मागे पडलं की माळेगाव लागतं. एरवी एसटीतून जाताना नजरही थांबू नये असं गाव. मार्गशीर्ष संपत आला की मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांना राहुट्या पडतात, तेलंगणाच्या आणि कर्नाटकाच्या पाट्यांच्या गाड्या दिसू लागतात.

‘दक्षिण भारतातली सर्वांत मोठी यात्रा’ हे बिरुद दरवर्षी छापून येतं. तेलंगणातल्या मेडारमच्या सम्मक्का-सारलम्मा जत्रेची गर्दी पाहिलेला माणूस ते वाचून मिशीत हसेल. पण माणसं मोजायची सोडून जनावरं पाहायला लागलात, तर माळेगावचं मोठेपण मान्य करावंच लागतं.

जाणाऱ्याची पहिली अडचण तारखेची. खंडोबाची चंपाषष्ठी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला होऊन जाते. माळेगावची यात्रा त्यानंतर तीन आठवड्यांनी, वद्य चतुर्दशीच्या देवस्वारीने सुरू होते. 2022 साली हा दिवस 22 डिसेंबरला आला. पुढच्या वर्षी मध्ये अधिक श्रावण पडला आणि यात्रा 10 जानेवारी 2024 पर्यंत लांबली. मग 29 डिसेंबर 2024, मग 18 डिसेंबर 2025. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने आता पुन्हा जानेवारी उजाडणार. ‘नाताळच्या सुट्टीत जाऊ’ असं ठरवणाऱ्यांना एखाद्या वर्षी नुसतं मोकळं माळरान पाहून परतावं लागतं. रजेचा अर्ज पंचांग बघूनच द्यावा.

पोचायचं ते पहिल्या दिवशी, आणि सकाळी. पालखी निघते, ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो, भंडारा आणि खोबरं उधळलं जातं. पांढरा सदरा घालून गेलात तर तो पुन्हा पांढरा व्हायची आशा सोडा. वाघ्या-मुरळी भेटतात, एखाद्या झाडाखाली पाच जण तळी उचलताना दिसतात. पालखी पुढे गेली की आपण बाजारात शिरावं.

घोड्यांच्या ओळीत गिऱ्हाईक आधी किंमत विचारत नाही. ते घोड्याभोवती फिरतं. कंठाखाली देवमण आहे का, भोवरा भलत्या जागी तर नाही ना, चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, म्हणजे पंचकल्याणी आहे का, हे सगळं न बोलता बघून होतं. मग जबडा उघडून दात. मग मालक घोड्यावर मांड टाकून रवाल चाल दाखवतो. पाठीवरचा माणूस हलता कामा नये. भाव कधी मोठ्याने, कधी रुमालाखाली बोटं दाबून. बघ्यांना आकडा कळू नये, हा त्यातला मतलब.

गाढवांच्या बाजारात एवढा डौल नाही, पण व्यवहार तितकाच चोख. जिथे ट्रॅक्टर जात नाही तिथे वीट, माती आणि वाळू अजून गाढवच वाहतं. बैलांत दोन जाती डोळ्यांत भरतात. लालकंधारी शेजारच्या कंधारची, अंगभर तांबडी. देवणी लातूरकडची, तिच्यात पांढराशुभ्र बालंक्या, काळ्या तोंडाचा वानेरा आणि काळ्या ठिपक्यांचा शेवरा. खरीप घरात आलेलं असतं, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे असतात, म्हणून बैलजोडीची खरेदी या दिवसांत जमते. यंदा कापूस-सोयाबीनला भाव कसा मिळाला, याचा अंदाज इथल्या दावणीवरून बांधता येतो.

नांदेड जिल्हा परिषद पशुप्रदर्शन, कृषी प्रदर्शन, कुस्त्या आणि लावणी महोत्सव भरवते. बाहेरून येणारे बरेचसे लावणीपुरते येतात आणि रात्रीच परततात. मला हा तोट्याचा सौदा वाटतो. लावणी पुण्यातही बघायला मिळते; पंचकल्याणी घोड्याचा सौदा नाही.

वर्षभर पांगलेल्या भटक्या जमातींना भेटायचं ठिकाणही हेच. सोयरिकी इथे जुळतात, जुने तंटे इथे जातपंचायतीपुढे निघतात. तिच्या निवाड्यांना पूर्वी आव्हान नसे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा 2016 चा कायदा 2017 पासून लागू झाला, आणि वाळीत टाकणं गुन्हा ठरलं. राहुट्यांत बसलेल्या मंडळींचे फोटो मोबाइल रोखून काढू नयेत. आधी बसावं, चहा घ्यावा, विचारावं.

मुक्काम नांदेडला सोयीचा. डिसेंबरात रात्री माळावर चांगलाच गारठा असतो, तेव्हा घोंगडी किंवा शाल हवीच. वेळ आणि हौस असेल तर याच फेरीत मागचं-पुढचंही जमवता येतं : मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार, पंधरवड्याने माळेगाव, पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार. माघ पौर्णिमेच्या सुमारास कर्नाटकातल्या मैलारला गोरवय्या, म्हणजे या देवाचा भक्त, उंच धनुष्यावर चढून वर्षाचं भाकीत सांगतो. तो काय सांगतो आणि लोक त्याचा अर्थ कसा लावतात, ते पुढच्या भागात.