अर्थशास्त्रातील पीएच. डी. : अन्य शाखांच्या पदवीधरांची पूर्वतयारी

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढे भारताच्या वित्तव्यवस्थेविषयी साक्ष दिली. गणिताच्या या अध्यापकाने आपले विवेचन सरकारी आकडेवारीच्या कसून केलेल्या अभ्यासावर उभारले होते. त्यांच्या नावाची राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये पुण्यातच स्थापन झाली. इतिहास, मराठी वा विज्ञान शिकलेल्या शिक्षकाला अर्थशास्त्रात संशोधन करावेसे वाटले, तर त्याने प्रथम काय करावे?

पात्रता

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के गुण असल्यास थेट अर्ज करता येतो; अशा पदवीधरास २०२४ पासून आपल्या पदवीहून वेगळ्या विषयाची ‘नेट’ परीक्षाही देता येते. पदव्युत्तर पदवीधराला मात्र सामान्यतः स्वतःच्याच विषयाची ‘नेट’ द्यावी लागते. म्हणून इतिहासाच्या एम. ए. ने आधी अर्थशास्त्राची एम. ए. करणे हिताचे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेच्या पदवीधरास प्रवेश मिळतो. विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र पुण्यात आहे. पीएच. डी. मात्र दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन ती अंशकालीन करता येते.

अभ्यास

कलाशाखेच्या उमेदवारास खरी अडचण गणिताची येते. कलन, आव्यूह, संभाव्यता व संख्याशास्त्र यांचा पाया घातल्यावाचून सूक्ष्मलक्षी अर्थशास्त्र व अर्थमिती उमगत नाही. रोज नेमाने उदाहरणे सोडवीत गेल्यास वर्षभरात हा पाया तयार होऊ शकतो. ‘नेट’च्या गुणांवर प्रवेश मिळताना त्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीस ३० टक्के भार असतो.

मुलाखतीत संशोधनाचा प्रश्न नेमका मांडता आला पाहिजे. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेला दारिद्र्याचा अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. दररोज दरडोई २,२५० उष्मांकांचा आहार परवडण्यास किती खर्च लागतो, या साध्या प्रश्नावर त्यांनी गरिबीचे मोजमाप उभे केले. शाळेतील गळती, रोजगार हमीवरील मजुरी, ग्रामपंचायतीची करवसुली यांविषयीचे प्रश्न शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर नित्य येतात. हा अनुभव हेच त्यांचे भांडवल होय. त्याला गणिताची जोड मात्र द्यावयास हवी.