चिमट्याचा बुश

वैशाखातले दहा वाजताहेत आणि खामगावातल्या या गॅरेजचा पत्रा आत्ताच तापलाय. दारात बुलेट मधल्या स्टँडवर चढवलेली. साडेतीनशे सीसी, गिअर उजव्या पायाला, मद्रासच्या कारखान्यातली. रिटायर्ड गुरुजी ती बुलढाण्याहून बोथा घाट उतरून घेऊन आलेत. वळणावर गाडी शेपूट हलवते म्हणतात. मागचा टायर नवा टाकला, शॉकअब बदलले, फरक शून्य.

मिस्त्री मागे उकिडवा बसतो. एका हाताने फ्रेम धरतो, दुसऱ्याने चाक धरून आडवं हलवतो. टक्. पुन्हा टक्.

"गुरुजी, टायर बदलूनशान काय होते? चिमटाच हालून राह्यला. हे पाहा, इथं बोट ठेवजा."

गुरुजी फ्रेम आणि चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांडीच्या, सांध्यावर बोट ठेवतात. चाक हलतं तसा सांधा बोटाखाली सरकतो. सांध्यात केसभर सैल पडलं, तरी तेवढ्या लांब असलेल्या चाकाच्या कडेला ते कितीतरी पट होतं. घाटात जीव वरखाली होतो तो त्यामुळे.

चाक, चेन, शॉकअबचे खालचे बोल्ट भराभर निघतात. सांध्यातला आडवा लांब बोल्ट मात्र ढिम्म. डिझेल सोडून वाट पाहायची. तोवर भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पाऊस काय निघाला यावर वाद रंगतो. घटमांडणीवर विश्वास कुणाचाच नाही, भाकीत मात्र सगळ्यांना पाठ. मग मिस्त्री बोल्टच्या टोकावर जुना नट चढवतो, आटे दबू नयेत म्हणून, आणि त्यावर पितळी गज धरून ठोकतो. करकरत, गंजाचा भुगा सांडत बोल्ट बाहेर येतो.

मागच्या चाकाला असा वरखाली होणारा चिमटा देऊन रॉयल एनफिल्डने 1948 साली बुलेट लोकांपुढे आणली, तेव्हा बऱ्याच मोटारसायकलींची मागची बाजू ताठच असायची. पुढे विलायतेतली कंपनी बुडाली. 1955 साली मद्रासेत सुरू झालेली एनफिल्ड इंडिया मात्र चालत राहिली, म्हणून आज या सांध्यात बसणारा नवा बुश दुकानातल्या डब्यात मिळतो.

जुना बुश असा सहज निघत नाही. मिस्त्री हॅक्सॉचं नुसतं पान आत घालून त्याला उभी चीर पाडतो, चिमट्याला ओरखडा जाऊ न देता, आणि पंचाने आत दाबून काढतो. हातात घेऊन पाहतो. फॉस्फर ब्राँझचं कडं; एका अंगाला मूळची जाडी, दुसऱ्या अंगाला कागदासारखी कड. चेनची ओढ आणि वजन वर्षानुवर्षं एकाच बाजूला, त्यामुळे भोक लंबगोल झालंय. मधली पोलादी नळीही खाल्लेली.

"नळी चालंल का तेच?" गुरुजी विचारतात.

"कायले? नवा बुश आन् जुनी नळी, सहा महिन्यात परत इथंच या."

नवे बुश वाईसमध्ये सरळ दाबून बसतात. दाबले की भोक किंचित आवळतं. म्हणून चिमटा शेजारच्या लेथवर जातो. तिथे रीमर फिरतो, थोडा थोडा, दर वेळी नळी घालून पाहत. घाई इथे नाही म्हणजे नाही. ग्रीस भरून, दोन्हीकडे कडक पोलादाचे वॉशर लावून चिमटा बसवला जातो. शॉकअब जोडण्याआधी मिस्त्री तो वर उचलून सोडतो. धपकन पडत नाही, अडकतही नाही. आपल्या वजनाने सावकाश खाली येतो. आडवा हलवला तर आवाज नाही.

बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा जपणारे मालक खूप भेटतात. चिमट्याच्या निपलला ग्रीसगन लावणारे विरळा. जुनी गाडी घरात असेल तर टायरवर पैसे घालण्याआधी ती मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक आडवं हलवा आणि सांध्यावर बोट ठेवून पाहा.