पॉइंट ३१५ की थर्टी-ओ-सिक्स? आरोंद्याच्या बागायतीतून एक पडताळणी

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर, तेरेखोल खाडीच्या काठी वसलेले आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातील गाव माड-पोफळीच्या बागायती, काजू-आंब्याची भरड जमीन आणि भाताचे मळे यांवर जगते, आणि या तिन्ही ठिकाणी पीक हाती येण्याच्या ऐन दिवसांत माकडांचा व रानडुकरांचा उपद्रव वाढतो. कोवळे नारळ पाडून टाकणारी माकडे दिवसाढवळ्या येतात, तर लोंब्यांवर आलेले भात लोळवणारी आणि सुरणा-कणगरांसाठी जमीन उकरणारी डुकरे रात्री उतरतात. शिवाय सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात गव्यांचे कळप आहेत ते निराळेच. या कारणाने जिल्ह्यात शेतीसंरक्षक बंदूक ही शिकारीच्या हौसेची वस्तू न मानता शेतीच्या साधनांतच गणली जाते, आणि कोणते हत्यार घ्यावे हा प्रश्न येथे प्रथमतः शेतकऱ्याचा असतो.

रायफलींविषयी बोलणे निघाले की भारतात दोन बोअरची तुलना हमखास होते. एक पॉइंट ३१५ आणि दुसरी ३०-०६, जिचा उच्चार ‘थर्टी-ओ-सिक्स’ असा केला जातो. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. दोन्ही रायफली बोल्ट पद्धतीच्या आहेत, म्हणजे नळीच्या मागील तोंडाशी दाराच्या अडसरासारखा एक पोलादी दांडा असतो, जो मुठीने उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि पुढे ढकलून खाली दाबला की नवे काडतूस नळीत बसून तोंड बंद होते. प्रत्येक बारासाठी ही क्रिया हातानेच करावी लागत असल्यामुळे रचना साधी राहते, बिघाड कमी होतो आणि नळीत काडतूस आहे की नाही हे बोल्ट उघडून डोळ्यांनी पाहता येते.

पॉइंट ३१५ चा जन्म समजण्यासाठी ब्रिटिश राजवटीतील एक बंधन ध्यानात घ्यावे लागते. पॉइंट ३०३ हे त्या काळच्या लष्कराचे काडतूस असल्याने ते खासगी हातांत जाऊ नये अशी सरकारची इच्छा होती, आणि म्हणून शिकाऱ्यांसाठी निराळ्या बोअरची गरज निर्माण झाली. ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेले आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतूस यासाठी निवडले गेले, आणि ते ली-एन्फिल्ड घडणीच्या रायफलीत बसवून भारतीय बाजारात आणले गेले. स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील सरकारी रायफल कारखान्याने हीच परंपरा चालू ठेवली. या रायफलीचे काडतूस मात्र महाराष्ट्राचे आहे, कारण १८६९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याजवळच्या खडकी दारूगोळा कारखान्यात ते तयार होत आले असून, काडतुसाच्या पितळी कवचाच्या बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे खडकीचीच खूण आहेत. ३०-०६ चे मूळ अमेरिकी आहे, ०.३० इंच हे बोअरचे माप आणि १९०६ हे स्वीकाराचे वर्ष, या दोन आकड्यांतून त्याचे नाव बनले, आणि या बोअरच्या शिकारी रायफली बहुतांशी जर्मनीत १८९८ मध्ये सिद्ध झालेल्या माऊझर घडणीवर किंवा तिच्या वंशातील घडणींवर बनतात.

या दोन घडणींतला फरक हाताला जाणवणारा आहे. ली-एन्फिल्डचा बोल्ट कमी कोनात फिरतो आणि त्याला घट्ट धरून ठेवणारे खाच-कंगोरे मागच्या बाजूस असतात, त्यामुळे हात झपाट्याने चालतो. माऊझरचे कंगोरे पुढे, थेट काडतुसाच्या पाठीशी असतात, त्यामुळे ती अधिक दाब सहन करते. ३०-०६ चा दाब जास्त असल्यामुळे तिला ही मजबुती लागतेच. पॉइंट ३१५ ची नेहमीची गोळी सुमारे १६ ग्रॅम वजनाची, म्हणजे जड, पण सेकंदाला साधारण ६०० मीटर इतक्या मध्यम वेगाची असते. ३०-०६ ची शिकारीत रूढ असलेली गोळी १२ ग्रॅमच्या आसपास, परंतु सेकंदाला ८०० मीटरहून अधिक वेगाने जाते. वेगवान गोळी दूरवर सरळ राहते, म्हणून दोनशे मीटरवरील नेमासाठी थर्टी-ओ-सिक्स श्रेष्ठ ठरते, आणि उघड्या माळरानावर किंवा हिमालयाच्या उतारांवर या श्रेष्ठतेला अर्थ आहे. कोकणात तिला अर्थ उरत नाही. काजूच्या झाडीत, करवंदीच्या जाळ्यांत किंवा पोफळीच्या रांगांत जनावर दिसते ते तीस-चाळीस पावलांवर, फार तर साठ पावलांवर, आणि एवढ्या अंतरावर दोन्ही गोळ्यांच्या मार्गांत नेमबाजाला जाणवेल असा फरक पडत नाही. केवळ या दोघींतच निवड करायची असेल तर या मुलखासाठी पॉइंट ३१५ पुरेशी आहे, तिची काडतुसे देशात बनतात आणि तिचा मार खांद्यालाही सोसतो.

मात्र खरा विचार यापुढे सुरू होतो, कारण आरोंद्यासारख्या गावात नेम चुकला तर गोळी कुठवर जाईल, हा प्रश्न नेम कसा लागेल यापेक्षा मोठा आहे. रायफलीच्या नळीत आतून पेचदार आटे असतात, जे गोळीला स्वतःभोवती फिरवून स्थिर ठेवतात. त्यामुळेच थर्टी-ओ-सिक्सची गोळी वर उचललेल्या नळीतून सुटली तर चार किलोमीटरांपलीकडेही जाऊ शकते. आरोंद्याची जमीन खाडीलगत सपाट आहे, बागायतीत घरे विखुरलेली आहेत, पायवाटा कुंपणांना लागून जातात, आणि खाडी ओलांडली की पेडणे तालुक्यातील किरणपाणी, म्हणजे गोवा राज्य सुरू होते. माडाच्या शेंड्यावरील माकडाच्या दिशेने रायफल रोखणे म्हणजे मागे गोळी अडवणारी माती नसताना आकाशात गोळी सोडणे होय. हाकारे घालून केलेल्या बेकायदा शिकारीत डुक्कर समजून माणसावरच बार पडल्याच्या दुर्घटना कोकणात घडलेल्या आहेत, आणि त्या आठवल्या म्हणजे येथे पल्ला हा गुण न राहता धोका ठरतो, हे मान्य करावेच लागते.

विशेष म्हणजे कायद्यानेही हाच विवेक केलेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम १३ (३) असे सांगते की खऱ्याखुऱ्या पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची बंदूक या कामाला पुरी पडणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. गुळगुळीत नळी म्हणजे आटे नसलेली नळी, आणि व्यवहारात ही दुसरी बंदूक म्हणजे बारा बोअरची काडतुसाची बंदूक. (बारा बोअर म्हणजे ज्या नळीत नेमकी बसणारी शिशाची गोळी एक पौंडाचा बारावा हिस्सा भरते ती नळी, तिचा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर असतो.) पीक-संरक्षणाच्या या तरतुदीत रायफलीला जागा नाही. शेतकऱ्यापुढची निवड त्यामुळे ३१५ आणि ३०-०६ यांच्यातील नसून ठासणी आणि काडतूस यांच्यातील आहे.

ठासणीच्या बंदुकीत प्रत्येक बारासाठी नळीच्या तोंडातून दारू ओतायची, त्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा, मग छर्रे सोडून पुन्हा बोळा ठासायचा, आणि शेवटी घोड्याखालच्या निपलावर ठिणगी देणारी केप बसवायची, एवढा खटाटोप असतो. तोवर कळप कुंपण ओलांडून गेलेला असतो. पावसाळ्यात दारूला ओल लागली तर केप फुटते पण बार होत नाही, आणि भात राखण्याचे दिवस नेमके पावसाचेच असतात. याहून गंभीर बाब अशी की एकदा ठासलेली बंदूक बार काढल्याखेरीज सहजासहजी रिकामी करता येत नाही, म्हणून रात्री जनावर आलेच नाही तर ती भरलेली तशीच पडवीत, भिंतीच्या खुंटीवर टांगली जाते, आणि त्या घरात मुले असतात. काडतुसाची बंदूक मधोमध मोडली की काडतूस बोटांनी उचलून खिशात टाकता येते आणि बंदूक निर्धोक होते. लहान छर्ऱ्यांचा पल्लाही दोन-तीनशे मीटरांच्या आतबाहेर संपतो. केवळ या दोन कारणांसाठी परवाना अधिकाऱ्यांनी कलम १३ मधील सवलतीचा हात मोकळा ठेवायला हवा. ठासणी स्वस्त आहे म्हणून ती गरीब शेतकऱ्याला योग्य, हा समज त्याच्या घरादाराच्या सुरक्षिततेशी विसंगत आहे.

परवाना हाती आला म्हणजे जनावर मारण्याचा अधिकार मिळाला, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो आणि तो चुकीचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार शिकारीस बंदी आहे. रानडुक्कर हे २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत असून, ते उभ्या पिकाला धोकादायक झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कलम ११ अन्वये लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतो, आणि असे मारलेले जनावरही राज्य सरकारची मालमत्ता ठरते, म्हणजे त्याचे मांस वाटून घेता येत नाही. गवा पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याच्यासाठी पिकाच्या नुकसानीचे कारण चालत नाही. माकडावर तर मारुतीच्या भक्तीमुळे बहुतेकांचा हातच उठत नाही. प्रत्यक्षात शेतीसंरक्षक बंदुकीचे रोजचे काम म्हणजे आवाज काढणे, कळप हुसकून लावणे आणि राखणीच्या माणसाला रात्री धीर देणे हे आहे, आणि या कामाला रायफलीची काहीही आवश्यकता नाही.

हे काम ज्या दिवसांत सर्वाधिक लागते त्याच दिवसांत बंदूक घरात नसते, ही सिंधुदुर्गातील शेतकऱ्यांची जुनी आणि रास्त तक्रार आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारक बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि जिल्ह्यात मतदान ७ मे रोजी झाले, म्हणजे काजूचा मुख्य हंगाम त्यात गेला; त्याच वर्षी विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला, भात कापणीला आले असताना लागली. वास्तविक निवडणूक आयोगाच्या सूचना सरसकट जमा करण्याच्या नाहीत. जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे किंवा दंगलीत गुंतलेले परवानाधारक हुडकून छाननी समितीने प्रकरणागणिक निर्णय घ्यावा, अशी त्यांची योजना आहे, आणि खाडीपलीकडच्या गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशाच छाननीचा आग्रह धरलेला आहे. ज्या शेतकऱ्यावर एकही गुन्हा नाही त्याची बंदूक हंगामात काढून घेण्याने निवडणुकीच्या शांततेत भर पडत नाही, पिकाची हानी मात्र होते.

आरोंद्यातील वा आसपासच्या गावांतील ज्या शेतकऱ्याला नवा परवाना घ्यायचा आहे त्याने रायफलींच्या तुलनेत वेळ न दवडता बारा बोअरची काडतुसाची बंदूक मागावी, अर्जात कलम १३ (३) च्या परंतुकाचा स्पष्ट उल्लेख करावा, ठासणीची बंदूक का अपुरी पडते ते पीक, पाऊस आणि घरातील मुले यांच्या संदर्भात लिहून द्यावे, आणि मागील हंगामातील नुकसानीचे पंचनामे त्याला जोडावेत.