आईची हाक ऐकू आली पाहिजे

आमच्या मंठ्याला समुद्र नाही. येथील लेकरांना देवमासा माहीत आहे तो पुस्तकातला. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचे पिल्लू अडकले आणि खूप धडपड करूनही ते वाचले नाही, ही बातमी आली तेव्हा आमच्या घरातील मुलीने विचारले, "त्याची आई कुठं होती?"

त्या पिलाच्या मृत्यूचा दोष आम्ही आवाजावर टाकत नाही. पण समुद्रात मायलेकरे एकमेकांना कशी शोधतात, हे त्या प्रश्नामुळे आम्ही वाचून काढले.

देवमासा हा नावाचाच मासा. तो हवेत श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो. पाण्यात उजेड फार खोल जात नाही. आवाज मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. म्हणून या प्राण्यांचा सारा भरवसा कानांवर. डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हेरतो. हंपबॅक जातीच्या देवमाशाचे पिल्लू तर आईशी अगदी हळू आवाजात बोलते.

जहाजांच्या पंख्यांची घरघर नेमकी याच पाण्यात पसरते. मोठ्या देवमाशांचा स्वर आणि ही घरघर दोन्ही खर्जातली; त्यामुळे हाक बुडून जाते. मार्च २००० मध्ये बहामा बेटांजवळ अमेरिकन नौदलाने सोनार यंत्रे वापरली, तेव्हा १७ प्राणी किनाऱ्याला लागले. तपासलेल्या काही मृत प्राण्यांच्या कानांभोवती रक्तस्राव आढळला.

त्यांचा आतला कान आपल्यासारखाच शंखाकृती असतो. त्यात केसांसारख्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, काही वेळ कमी ऐकू येते. मारा चालूच राहिला तर त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. माणसाचेही तसेच.

येथे आम्हाला आमचीच मिरवणूक आठवली. डीजेच्या भिंतीपुढे एक लेकरू आईचा पदर ओढून रडत होते आणि हातभर अंतरावरची आई त्याला ऐकू शकत नव्हती. दुसऱ्या दिवशीही आमचे कान वाजत होते.

पण बंधू-भगिनींनो, यावर उपाय आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यानंतर जहाजांची ये-जा घटली. कॅनडाजवळच्या समुद्रातला आवाज ६ डेसिबलने उतरला आणि तेथील देवमाशांच्या शरीरातील ताणाचे द्रव्यही कमी झाले. प्लॅस्टिक वर्षानुवर्षे पाण्यात राहते. आवाज यंत्र थांबताच थांबतो.

जहाजे आपल्या हाती नाहीत, कर्ण्याचे बटण आहे. रात्री १० ते सकाळी ६ कर्णे बंद ठेवावेत, हा नियम २००० सालापासून आहे. तो पाळावा, दिवसाही आवाज आवरावा, तान्ह्या मुलांना कर्ण्यापासून दूर ठेवावे. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतही लेकराची हाक आईला ऐकू आली पाहिजे.