नोंद गावाची, श्रम शहराचे

चीनमधील स्थलांतरित मजुरांचा विचार १९५८ साली कायद्याने पक्क्या झालेल्या ‘हुकोऊ’ या कुटुंबनोंदणीच्या पद्धतीपासूनच सुरू करावा लागतो. माणूस मूळचा कोठला, हे या नोंदीत जन्माबरोबर ठरते; पूर्वी तो ग्रामीण की शहरी, हेही ठरत असे. सरकारी शाळा, आरोग्यसेवा व निवृत्तिवेतन यांवरील त्याचा हक्कही तिच्याशीच जखडलेला असतो. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांमुळे आणि १९८० मध्ये घोषित झालेल्या शेनझेनसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रांमुळे खेड्यांतील कोट्यवधी माणसे कारखान्यांकडे वळली. पुढे या नोंदणीचे निर्बंध काहीसे सैल झाले, तरी मजुराचे श्रम शहरात आणि त्याची नोंद, व पुष्कळदा मुलेही, गावी, अशी विभागणी दीर्घकाळ टिकून राहिली.

मुंबईत अंधेरी पूर्वेला ‘सीप्झ’ हे निर्यातप्रक्रिया क्षेत्र शेनझेनच्याही आधी, १९७३ मध्ये उभे राहिले आणि भोवतालच्या मरोळ-साकीनाका पट्ट्यातील कारखान्यांनी देशभरातील कामगार सामावून घेतले. येथे हुकोऊ नाही. उलट राज्यघटनेच्या कलम १९ ने नागरिकाला देशात कोठेही संचार व वास्तव्य करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. तथापि झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि ज्या गाळ्यात काम करायचे तेथेच रात्री अंग टाकणाऱ्या कामगाराच्या नावावर तर झोपडीही नसते. चीनमध्ये मूळ गावाचा दाखला आड येतो, मुंबईत आगमनाच्या तारखेचा.

कायद्याच्या भाषेत न मावणारा हा अनुभव चित्रपटांनी नेमका टिपला. अंधेरीच्या मोहन स्टुडिओशी दीर्घकाळ संबंध असलेल्या बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) मधील शंभू गिरणीसाठी जाऊ घातलेली जमीन वाचवण्याकरिता कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. १९५५ च्या भारतीय चित्रपट सप्ताहात हा चित्रपट चिनी प्रेक्षकांनीही पाहिला. व्हेनिस महोत्सवात २००६ चा ‘सुवर्णसिंह’ मिळवणाऱ्या जिया झांगके यांच्या ‘स्टिल लाइफ’मध्ये पत्नी व मुलीच्या शोधात आलेला खाणकामगार ‘थ्री गॉर्जेस’ धरणात बुडणारे नगर पाडण्याच्या कामावर लागतो. विकासाची किंमत शंभू जमीन गमावून मोजतो, तर हा खाणकामगार इतरांची घरे पाडून पोट भरतो.

प्रवासाचा अर्थ या संदर्भात पर्यटनाहून वेगळा होतो. लिक्सिन फान यांचा ‘लास्ट ट्रेन होम’ (२००९) हा माहितीपट चिनी नववर्षाच्या वसंतोत्सवासाठी गावी परतणाऱ्या, तयार कपड्यांच्या कारखान्यातील दांपत्याचा मागोवा घेतो, तेव्हा आईबापांना मुलांसोबत राहण्यासाठी वर्षातून एकच संधी उरल्याचे दिसते. गिरणगावातील खोल्यांत दाटीने राहून, कुटुंब गावी ठेवून राबलेल्या कोकणी चाकरमान्यांच्या इतिहासामुळे मराठी वाचकाला हे परके वाटू नये. गणपती-शिमग्याच्या गाड्यांची गर्दी गावाच्या ओढीची असते, हे खरेच. परंतु जेथे कुटुंब शहरात आणणे परवडत नाही किंवा नियमांत बसत नाही, तेथे या गर्दीला केवळ ओढ म्हणणे अपुरे ठरते. म्हणूनच स्थलांतरिताचे स्वातंत्र्य मोजताना त्याला शहरात येता येते का, याबरोबरच त्याला तेथे कुटुंबासह राहता येते का, हेही विचारले पाहिजे.